भैरोबाच्या दगडातली भेग

११ जाने., रविवार. गावी.

सकाळी अंघोळ करून ओलेत्यानेच भैरोबाच्या गाभाऱ्यात गेलो. एका हातात निरांजन, दुसऱ्यात शाळेतलं भिंग. आधी डोकं टेकवलं, मग भिंग लावलं. अवघडल्यासारखं झालं.

गेल्या आठवड्यात देवाचं शेंदराचं कवच सुटलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, वीतभर जाड. खालचा दगड गावात कुणीच पाहिलेला नव्हता. काळा, साधा, आपल्याच डोंगराचा. आणि माथ्यापासून तिरपी खाली गेलेली एक भेग.

गावाचं म्हणणं सरळ आहे. भेग मुळातली असेल तर नवा शेंदूर चढवायचा, यात्रा नेहमीसारखी. आत्ता पडली असेल तर देव खंडित. मग कृष्णेत विसर्जन आणि नवी मूर्ती. सांगायचं कुणी? चुलतभाऊ दत्ताआबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जल्मभर दगडं गोळा केलीस. आता येक दगूड गावाच्या कामाचा बघ की गड्या." लोक हसले. मीही.

आई देवळाच्या दारातच बसून होती. "मुळातलीच हाय न्हवं रं?"

म्हटलं, बघतो.

१२ जाने. कडेगाव.

नववीला ज्वालामुखी. पोरांनी वहीत शंकू काढले, वर धूर. सांगितलं, आपल्याकडे असा डोंगर नव्हता. जमीनच लांबच लांब चिरली. त्या चिरांतून रस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा. मधल्या काळात माती झाली, तीही भाजून तांबडी झाली. सातारा-सांगली सगळी या थरांवर बसलेली. थिजताना दगड आकसतो, त्याला भेगा पडतात.

मागच्या बाकावरून एक मुलगी, "म्हंजी सर, भेग नसलेला दगूड मिळतच न्हाई?"

म्हटलं, शोधावा लागेल. तास संपला.

१४ जाने. संक्रांत. कडेगाव.

खोलीतली दगडांची फळी पुसून घेतली. सुमन असताना हे काम तिचं. लग्नानंतर पठारावर माझ्याबरोबर यायची, पिशवी तिच्याकडे. "वझं मी उचलायचं आन् नावं तुमी ठिवायची," म्हणायची. पांढऱ्या स्फटिकांचा गोळा तिनेच उचललेला. त्याला अजून नाव लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी ज्वारीच्या काढणीत रानात बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप जन्मापासून अशीच असणार, उन्हातल्या कामाचं निमित्त झालं. आईने यातलं फक्त निमित्त ऐकलं. त्या दिवशी काढणीला हाक मारून तिनेच नेलं होतं. मी कधी एका शब्दाने बोललो नाही. तरी तेव्हापासून आई ताट वाढताना माझ्याकडे बघत नाही.

संध्याकाळी आईचा फोन. "तिळगूळ खाल्लास का?" मग, "देवानं सुमनपायी कवच टाकलं बग. उशीर केला त्यानं, पर टाकलं." माणसावरचं अरिष्ट देव स्वतःवर घेतो तेव्हा कवच टाकतो, असं गावात मानतात.

१७ जाने., शनिवार. गावी.

आज दिवसाच्या उजेडात, आरसा धरून, नीट पाहिलं.

वरच्या अंगाला भेगेत पांढरट हिरवी पूड घट्ट बसलेली. लाव्हा थिजल्यानंतर पाणी मुरून साचत गेलेली. म्हणजे भेग डोंगराइतकी जुनी. खालच्या अंगाला मात्र आत काळाभोर, कोरा दगड. कड बोटाला लागते. हे आत्ताचं.

दोन्ही खरं.

तुकाराम गुरवाला बाजूला घेऊन विचारलं, पहार लावली होतीस?

"न्हाई गुरुजी, देवाशप्पत. वरचं कवच आपसूक सुटलं. खालचं चिकटून बसलं हुतं. तवा तुमच्या आईनं कढत पाण्याची घागर आनून दिली. म्हनल्या, थंडीचं दिस हाईत, देवाला ऊन पाण्यानं न्हाऊ घाल."

आजोबांच्या वेळी विहिरीत कातळ लागला की त्यावर जाळ करायचे आणि गार पाणी ओतायचे. दगड तडकायचा. इथं उलटं झालं. पहाटेचा गार दगड, वर कढत पाणी. जुनी शीर होती, ती खालपर्यंत उकलली.

तुकाराम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आईस्नी नगा सांगू."

१८ जाने., रविवार.

देवळासमोर सभा. म्हटलं, अजून एक आठवडा द्या.

दत्ताआबा, "गुरुजी, देवाचा पंचनामा हाय का पीएचडी?"

म्हटलं, भेगा सगळ्याच डोंगराला आहेत रे.

"मग आख्खा कोरेगाव तालुका कृष्णेत सोडावा लागंल." हशा. नंतर जवळ येऊन, खरंच काळजीने, "मूर्तीवाल्याला हो म्हनू का नगं, यवढं तरी सांग. यात्रा तोंडावर हाय."

आई घरी येताना हलकी चालत होती. मी वेळ मागितला म्हणजे भेग मुळातलीच, असं तिने धरलंय. दुपारी ताट वाढताना माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी.

२१ जाने. कडेगाव.

अर्धंच सांगता येईल. वरचं. ते खोटं नाही. देव राहील, आई राहील.

हरिपाठ म्हणताना मध्येच थांबलो. पुढची ओळ आठवेना. रोजची ओळ.

दत्ताआबाचा फोन. तुकारामाचा हात लागून फुटलं असं गावात सुरू झालंय. "त्याला इचारलं तर नुसता खाली बगतो. खरं काय रं?" म्हटलं, रविवारी.

तो माझ्या आईसाठी खाली बघतो.

तर सगळं सांगायचं. पण आईने ते देवळाच्या पायरीवर बसून, चार लोकांत ऐकायचं नाही. आधी घरी. माझ्या तोंडून.

२४ जाने., शनिवार. गावी.

आई चुलीपुढे, मी पाटावर. तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

२५ जाने., रविवार.

आज सांगितलं. सकाळी, ती शेंगा फोडत होती तेव्हा.

आधी जुनी भेग सांगितली. देव डोंगरात होता तेव्हापासूनची, कुणी केलेली नाही. मग खालची सांगितली. मग पाणी.

तिचे हात थांबले. म्हटलं, आई, शीर आतून होतीच. पाणी नसतं तर आणखी कशानं तरी उकलली असती. म्हटलं, सुमनचंही तसंच. हे कसं तोंडातून गेलं कळलं नाही. वर्षभर म्हणायचं होतं.

रडली नाही. सूप बाजूला सरकवलं. मी वाट बघत होतो, आता स्वतःला बोल लावेल, नाहीतर मला.

मग म्हणाली, "कढत पानी हुतं रं. देवाला पोळलं आसंल का?"

म्हटलं, दगड गार होता, लगेच निवलं असेल.

"तुक्याला काय बोलत्यात का लोकं?"

"बोलतात."

सभा चारला आहे. लोक काय ठरवतील सांगता येत नाही. दत्ताआबाने मूर्तीवाल्याला अजून थांबवून ठेवलंय. तू घरीच थांब, असं आईला म्हणणार होतो, पण ती आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसतेय.