एकसष्ट ट्रॅक्टर आणि गॉलवेचा रस्ता

बुधवार

प्रिय कॉनलेथ दाजी,

नवी गाडी काल आली. कमिटीच्या अट्रॅक्टाबाईंनी तसं जाहीर केलं आहे, आणि नऊच्या नऊ सीटवर स्वतः बसून पाहिल्यावरच केलं आहे, तेव्हा शंकेला जागा नाही. सोमवारी सकाळी आठला ती गावातल्या तीन कॅन्सर पेशंटना घेऊन गॉलवेच्या इस्पितळात जाणार. हॉलमधल्या तक्त्यावर तिघांची नावं चढली आहेत. ड्रायव्हरचा रकाना तेवढा कोरा आहे. त्यावर पुढे येतो.

आधी तुमची चौकशी. गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देताहेत, की त्याही तुमच्यासारख्या रुसून बसल्या आहेत? तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. (पत्रही मध्येच खाली ठेवता येतं, पण पुढे काय लिहिलं असेल या विचाराने माणूस ते पुन्हा उचलतो.) आमच्याकडे पाऊस आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे.

या गाडीच्या निधीसाठी काढलेली आमची ट्रॅक्टरफेरी तुमच्या कानावर आली असेलच, पण ती ज्या कुणी सांगितली असेल त्याने तिखटमीठ लावून सांगितली असणार, म्हणून मूळ प्रत पाठवतो. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. निधी जमवायचा म्हटलं की ज्यांना केक येतो ते केक करतात, ज्यांना काहीच येत नाही ते चारचौघांत डोकं भादरून घेतात, आणि उरलेले ट्रॅक्टर धुतात. (घरात स्वतःचा कप न विसळणारी माणसं चाकाच्या खाचांतला चिखल टूथब्रशने काढत होती. मी डोळ्यांनी पाहिलं.) दहा दिवसांपूर्वीच्या रविवारी चर्च सुटल्यावर फादरनी पवित्र पाणी शिंपडलं आणि एकसष्ट ट्रॅक्टर निघाले. सर्वांत पुढे मी, पेशंटची जुनी गाडी घेऊन. तिची ती शेवटची फेरी होती. चौकातून उजवीकडे वळायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि तासाभरात हॉलमध्ये सूप प्यायला परतायचं, एवढाच बेत. चौकात अट्रॅक्टाबाईंचे यजमान जारलाथ पिवळा कोट घालून, हिरवा झेंडा घेऊन उभे होते.

मी सरळ गेलो. गॉलवेच्या रस्त्याने. अकरा वर्षं पेशंटना तिकडे नेण्याची सवय, दाजी, दुसरं काय! जारलाथनी झेंडा दोन्ही हातांनी हलवला, मग टोपी हलवली, शेवटी रस्त्याच्या कडेने धावलेही म्हणतात. पण माझ्यामागे बार्टली होता, आणि त्याला वाटलं कमिटीने ऐनवेळी मार्ग बदलला असेल. बार्टलीच्या मागच्याला वाटलं बार्टलीला माहीत असेल. अशा रीतीने एकसष्ट शहाणी माणसं एकमेकांवर विश्वास टाकून चुकीच्या रस्त्याला लागली, आणि त्या रस्त्यावर ट्रॅक्टर वळवायला जागा नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अट्रॅक्टाबाईंचा फोन आला. “फेलिम, सूप आटत चाललंय! आहात कुठे?” मी म्हटलं, “येतोच.” (ते साफ खोटं होतं.)

सात मैलांवर, बंद पडलेल्या डेअरीसमोर एक लोखंडी फाटक आहे. तिथे मी गाडी थांबवली. तेही सवयीने. मागे एकसष्ट ट्रॅक्टर ओळीने थांबले. बार्टली उतरून तरातरा आला.

“तळं कुठंय रे, फेलिम्या? की कुणी उचलून नेलं?”

“रस्ता चुकलो.”

“ते दिसतंय! पण इथं कशाला थांबलास?”

मी सांगून टाकलं. इथे सगळेच थांबतात. जाताना भीतीने आणि येताना मळमळून. फाटक धरून उभे राहतात, तोंड धुतात आणि गाडीत येऊन बसतात.

बार्टली फाटकाकडे बघत राहिला. “माझी पेग पण?”

“ती पण. वरचा गज धरून.”

“मला म्हणायची, प्रवास झकास झाला. रोज म्हणायची.” त्याने टोपी काढली. मागून कुणीतरी ओरडलं, “काय झालं? बंद पडली काय?” तर बार्टली म्हणाला, “गप रे. इंजिन बंद कर.” मग हळूहळू सगळीच बंद झाली. इतके ट्रॅक्टर असून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

उनाताईसुद्धा तिथे उतरायची, दाजी. तिला उलटी व्हायची नाही. ती माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवायला उतरायची. “कॉनलेथने चालवली असती तर इतके गचके बसले नसते,” म्हणायची. तीस वर्षं बस चालवलेला माणूस स्वतःच्या बायकोला का नेत नाही, असं गाव विचारायचं. ती एकदाच मला म्हणाली, “तो जादा ड्यूटी मागून घेतो. माझी ही दशा बघवत नाही त्याला. राहू दे, मला पाहून त्याचंही अन्न सुटतं, कुणीतरी एकाने जेवायला हवं.” तिच्या मनात राग नव्हता. हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी, ती गेली तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही दार उघडलं नाहीत, आणि मीही दुसऱ्यांदा वाजवलं नाही.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा मेव्हणा,
फेलिम

ता. क. सवयीची गोष्ट कमिटीसाठी होती. खरं म्हणजे मला जारलाथ दिसलेच नाहीत. पिवळा कोट, हिरवा झेंडा, सहा फूट माणूस, काहीच दिसलं नाही. तोवर मी चष्म्याच्या काचेला दोष देत होतो. फेरीनंतरच्या शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे गाडी चालवायची नाही. हे अट्रॅक्टाबाईंना ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला.

दुसरा ता. क. रकाना कोरा आहे असं वर लिहिलं ते सकाळपर्यंत खरं होतं. मी हे लिहीत असताना अट्रॅक्टाबाईंनी त्यात तुमचं नाव घातलं. शाईने. तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही, त्यांचं सांगता येत नाही. शनिवारी दुपारी त्या किल्ली घेऊन तुमच्याकडे येतील. पुढचं दार लावून घेऊन उपयोग नाही, त्या मागच्या दाराने येतात. सोमवारी आठला पोस्टातली डेल्मा पोस्टाच्या पायरीवर उभी असेल. तिची पहिलीच वेळ आहे, तेव्हा पावणेआठलाच येऊन थांबेल.