घमेल्यातले बुडबुडे

बाबा,
वाकून नमस्कार करते, पण मान वर करायची हिंमत होत नाही.

तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. आईला तेवढंच सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

मी मुलांसाठी विज्ञानाच्या गोष्टी रेकॉर्ड करते ना, त्यातली परवाची हवेची होती. न दिसणारी हवा कशी पकडायची? पंक्चर काढताना तुम्ही दाखवायचात तेच सांगितलं: घमेल्यात ट्यूब बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. फक्त हे शिकवलं कोणी, तर मी म्हणाले, ‘आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी.’ तुमच्या दुकानाचं नाव घ्यायला जीभच रेटेना.

काल एका वर्गात ती गोष्ट ऐकवली. संपल्यावर एक चिमुरडी उभी राहिली. “माझे बाबापण रोज हेच करतात. मग तेपण सर का?”

मी “हो” म्हणाले. ती अशी ऐटीत खाली बसली की मला तिच्याकडे बघवेना.

गोष्ट पुन्हा रेकॉर्ड करतेय. घमेल्याजवळ फोन धरून बुडबुड्यांचा आवाज पाठवाल? आणि छिद्र सापडलं की “हे बघ, इथे लपलंय” म्हणायचात, तेही म्हणा. या वेळी नाव सांगेन.

तुमचीच,
पंक्चरवाल्यांची थोरली