भूगोलाच्या आतलं कॉमिक

रविवार, संध्याकाळ. मारतहळ्ळी, बंगळुरू.

आज ऑफिसातला मॅनेजर घरी आला होता. त्यानं कपाटातला 'भूगोल' उघडला, तर आत कॉमिक. तो हसला आणि मी पटकन म्हणालो, "मुलीचं आहे." का म्हणालो? बेळगावात शाळेत असताना वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या धाकानं कॉमिक्सना खाकी कव्हर घालून वर 'भूगोल' लिहायचो. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती कव्हरं अजून तशीच.

तो गेल्यावर सई म्हणाली, "बाबा, माझं आहे तर मला हात का लावू देत नाहीस?"

दोघांनी बसून सगळी खाकी कव्हरं काढली. उद्या डब्याबरोबर एक कॉमिक ऑफिसला नेणार आणि जेवताना मॅनेजरसमोरच वाचणार. हसला तर सांगणार, माझं आहे.