मोठ्यानं बोलणारं घर

गोडादरा, सुरत
७ डिसेंबर २०२५

प्रिय रुपाली,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, वैभवदादाची पाळी बदलली आहे. माझी पीएचडीची तोंडी परीक्षा मंगळवारी झाली. पास झाले. आनंद व्हायला हवा होता, पण नुसता थकवा आला आहे.

दादासाठी तुला बघायला आलो, त्या दिवशी माझा विषय तुला सांगितला होता. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कायदेपंडितांनी ठरवलं की आंतरराष्ट्रीय कायदा सुसंस्कृत राष्ट्रांसाठीच. बाकीच्यांनी आधी सुधारून दाखवायचं. चीन, सयाम, तुर्कस्तान, सगळ्यांनी कायदे बदलले, पोशाख बदलले. वर्षानुवर्षं उत्तर एकच, अजून नाही. मोजपट्टी त्यांची आणि मोजणारेही तेच. चारशे पानं मी यावर रागारागानं लिहिली.

परीक्षकांनी शेवटी विचारलं, "ही मोजपट्टी आज कुणाच्या हातात आहे?" मी पुस्तकी उत्तर दिलं, त्यांनी मान डोलावली. मला मात्र तुमचं उधन्याचं घर दिसत होतं.

पत्रिका जुळली नाही, असं आम्ही कळवलं. खोटं होतं ते. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. आई तयार होती, दादा तर कधीचाच. नाही मी म्हणाले. तुझे वडील, सुकलालकाका, मला बघून जवळ बसायला बोलावत दारातूनच ओरडले होते, "ये वं माय, आठे बठ!" मग चहाचा आग्रहही ओरडून, हसणंही तसंच. परतताना रिक्षात मी म्हणाले, "घर सुसंस्कृत वाटत नाही. काय ती आरडाओरड!" शिकलेल्या मुलीपुढे कोण बोलणार?

आबा शेजारीच बसले होते. काकांसारखी त्यांचीही तीस वर्षं लूमवर गेली. त्या खडखडाटात कान जातात आणि माणूस मोठ्यानं बोलायला लागतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमचं घरही तसंच होतं. त्या दिवसापासून आबा हळू बोलतात, म्हणजे जवळजवळ बोलतच नाहीत. दोन महिने झाले. मला माझीच लाज वाटते गं.

दोष तुझ्यात नव्हता, काकांतही नव्हता. दादा अजून थांबला आहे. तू हो म्हणालीस तर आई-आबा पुढच्या रविवारी येतील. मी यायचं की नाही, ते या वेळी तुम्ही ठरवा.

एवढं कर. हे पत्र काकांना वाचून दाखव. मोठ्यानं वाच, त्यांना नीट ऐकू गेलं पाहिजे.

तुझी, अजून नणंद नसलेली,
हर्षदा