हललं तेवढंच पाठवायचं

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी नव्या नोकरीवर गेलो आणि सगळ्यांसमोर दोन पडद्यांना हात जोडले. सवयच ती. पोटापाण्याचं साधन समोर आलं की हात आपोआप जुळतात. मागे बसलेली मुलगी फिसकन हसली. भला मोठा चष्मा, केसांत पेन्सिल खोचलेली. तिला सगळे चष्मिश म्हणतात आणि तीही बिनदिक्कत ओ देते. तिने विचारलं, काका, जास्त जागृत कुठला, डावा की उजवा? म्हटलं, जो आधी पावेल तो. मग सगळेच हसले.

काम सोपं आहे. डाव्या पडद्यावर कॅमेऱ्याने टिपलेलं खरं चित्र. उजव्यावर तेच चित्र, पण कंपनीच्या पेटीतून तारेवर जाऊन, लांबचा प्रवास करून आलेलं. दोन्हींत फरक दिसला की बटण दाबायचं. मी शिकलो गावच्या शाळेत, आणि उभी जवानी या छपरावरून त्या छपरावर केबल ओढण्यात गेली. बिघडलेलं चित्र बघून बघून डोळा तयार झालाय. साहेब वयाने माझ्याहून बरेच लहान, पण उठून हात मिळवला. त्यांना धीराचे डोळे हवे होते म्हणे. खुर्चीला चाकं आहेत. पहिल्यांदा बसलो तो थेट भिंतीवर जाऊन आपटलो.

राहायला कंपनीच्या मागेच एक खोली मिळाली. खाट, नळ, पूर्वेला खिडकी. पन्नाशीला टेकताना देवाने बसून करायचं काम दिलं. आणखी काय मागू?

गुरुवार, ७ मार्च

कंपनीने प्रत्येकाला चाचणीसाठी दोन पेट्या दिल्या. एक आपल्या खोलीत, एक घरी. घरची पेटी कंपनीचा माणूस स्वतः जाऊन अक्काकडे बसवून आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईमागे तिनेच मला वाढवलं. आता गावच्या घरात एकटी असते. शेजारच्या वहिनी सकाळ-संध्याकाळ डोकावतात.

संध्याकाळी अक्का पडद्यावर आली. बोलण्याआधी नेहमीसारखी दोन बोटांनी पिकलेली बट उजव्या कानामागे सारली आणि सुरू झाली. टकामका काय बघतोस गाढवा, अंगात तो शर्ट आहे की फरशी पुसायचं फडकं? मग या यंत्रात तिचं नाक बटाट्यासारखं का दिसतं, याचा जाब मलाच विचारला. अर्धा तास शिव्या खाल्ल्या. पोट भरलं.

मंगळवार, १९ मार्च

पेटीचं गुपित साहेबांनी आज समजावून सांगितलं. चित्र जड असतं, तार बारीक. म्हणून सगळं पाठवायचंच नाही. हललं तेवढंच पाठवायचं. माणसामागची भिंत हलत नाही, तर ती एकदाच पाठवायची. पुढे पलीकडचं यंत्र तीच भिंत वापरत राहतं. मध्येच तार अडखळली, तर जेवढं पोचलं नाही तेवढं यंत्र स्वतः काढतं, आधी पाहिलेल्यावरून. ओठ काढतं, आवाजही काढतं. याला इथे भरणी म्हणतात. माणसाच्या डोक्याचं मला खरंच नवल वाटलं.

एक गोष्ट मात्र खुपली. डाव्या पडद्यावर एक म्हातारा खोकून खोकून वाकला होता. उजवीकडे तोच म्हातारा ताठ बसून हसत होता. मी बटण दाबलं. साहेब आले. फरक काय आहे हे विचारलंच नाही. दोन्हींतलं कुठलं बघायला आवडेल, एवढंच विचारलं. म्हटलं, छान उजवंच दिसतं, पण साहेब, माणूस खोकतोय. त्यांनी ‘उजवं’ एवढंच टिपून घेतलं आणि गेले. मला राग आला. पाणी प्यायलो. उतरला नाही.

रविवार, ३१ मार्च

अक्का हल्ली गोड झाली आहे.

काल तिला सांगितलं, दुपारी जेवलो नाही. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. तिने हसून म्हटलं, सगळं छान आहे, काळजी करू नकोस. आज मुद्दाम बाहीला फाटलेला शर्ट घालून समोर बसलो. तरी हसली. शेवटी म्हणालो, अक्का, एकदा तरी गाढव म्हण. तिने बट कानामागे सारली आणि पुन्हा तेच, सगळं छान आहे.

तेव्हापासून डोकं फिरलंय. कुणावर चिडलोय ते कळत नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

चाचणीपुरतं सगळ्या घरच्या पेट्यांचं खरं चित्र वेगळ्या जाड तारेने ऑफिसात येतं. ते बघायची आम्हाला परवानगी नाही. जेवणाच्या सुट्टीत चष्मिशला गळ घातली. ती कुरकुरली, काका, एकच मिनिट हं, नाहीतर माझी कंबख्ती भरेल. आणि तिने अक्काची पेटी लावून दिली.

उजवीकडे अक्का खुर्चीत. हसतेय.

डावीकडे खुर्ची रिकामी. खाली, खुर्चीच्या पायाशी, अक्काचा हात. तळवा वर. हलत नाही. हलत नाही म्हणून पाठवला नाही.

उजवीकडच्या बाईने बट कानामागे सारली.

चष्मिशने तोंडावर हात धरला. मी निघालोय. बसमध्ये लिहितोय. वहिनींचा फोन लागत नाही.

सोमवार, ८ एप्रिल

सगळं उरकलं.

डॉक्टर म्हणाले, जाऊन आठवडा तरी झाला असेल. म्हणजे मी रविवारी जिला शर्ट दाखवला ती कोण?

वहिनी उंबऱ्याशी बसून रडत होत्या. कंपनीच्या माणसानेच त्यांना सांगितलं होतं, बाई, आता तुम्ही हेलपाटे घालू नका, पेटीचं लक्ष असतं, काही झालं तर तीच ओरडेल. आणि पेटी खुशाल हसत राहिली.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. पडल्यावर अक्का लगेच गेली नाही. दीड-दोन दिवस जीव होता.

पेटी तिच्या डोक्यावरच होती. माझा आवाज तिला येत असणार. त्याच दिवसांत मी साहेबांची नक्कल करून दाखवली होती, हसलो होतो — ती खाली पडून ऐकत होती. हाका मारल्या असतील. हात हलवला असेल. हललं तेवढं पाठवायचं ना? मग तो हात का नाही पाठवला? चित्रात शोभत नव्हता म्हणून?

भिंतीतून तार उपटली. पेटी पिशवीत टाकून आणली आहे.

गुरुवार, ११ एप्रिल

पेटी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चेहरा पाडला, पाणी दिलं, वाईट झालं म्हणाले. मग तेच हळूच म्हणतात, काका, एक मात्र आहे, चाचणीत तुमच्या अक्कांचं ते हसरं चित्र लोकांना दाखवलं, त्याला सगळ्यात जास्त पसंती मिळाली. लोकांना त्यांच्याशी बोलत राहावंसं वाटतं. म्हणून भरणीला आता त्यांच्यावरूनच शिकवलंय.

काढा तिला, म्हटलं. ते म्हणाले, मळलेल्या कणकेतून मीठ वेगळं काढता येतं का काका?

मी पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकला. आजवर कुणावर आवाजसुद्धा चढवला नव्हता.

संध्याकाळी खोलीतला पडदा आपोआप लागला. घरची पेटी साहेबांच्या टेबलावर, तार तुटलेली. तरी अक्का खुर्चीत. मागे आमची भिंत. रागावू नकोस, म्हणाली. सगळं छान आहे.

पडद्यावर चादर टाकली. चादरीखालून बोलत राहिली. रागावू नकोस — रागावू नकोस — मी बाहेर पायरीवर येऊन बसलो.

शनिवार, १३ एप्रिल

चष्मिशचे वडील लांबच्या गावी एकटे राहतात. निवृत्त मास्तर. डोक्यावर औषधालाही केस नाही. ती त्यांना चिडवते, बाबा, जरा खाली वाका, तुमच्या टकलात बघून भांग पाडते. आज जेवताना त्यांच्याशी बोलत होती. मी मागे उभा.

मास्तरांनी दोन बोटं उचलली. उजव्या कानामागे बट सारली. नसलेली.

मग म्हणाले, सगळं छान आहे.

ती हसली. बघा काका, बाबांना केस फुटले!

मी नाही हसलो.

सोमवार, १५ एप्रिल

डावे पडदे काढून नेले. साहेब खूष. आता फरकाची एकही तक्रार येत नाही म्हणे. कशी येईल? खरं काय ते दिसतच नाही!

चष्मिशला सांगितलं, पोरी, आज घरी जा. ती भडकली. काल तासभर गप्पा मारल्यात मी, तुमचं दुःख माझ्या बाबांच्या गळ्यात घालू नका. शेजाऱ्यांना तरी पाठव, म्हटलं. शेजारी कशाला काका, पेटी आहे की.

दिवसभर उजवा पडदा. म्हाताऱ्यामागून म्हातारा. कुणाची आई, कुणाचा बाप. दोन बोटं. कान. सगळं छान आहे. सगळ्यांचं — एकाच सुरात —

यातले किती खुर्चीत आहेत? किती खाली?

हात जोडून बसलो. नाव घेता येईना, तोंडात शिव्याच आल्या. देवा, चालवून घे.

मंगळवार, १६ एप्रिल

केलं.

आतल्या खोलीत शिरलो, कडी लावली. इथेही पडदे आहेत, तक्रारीचा फोन आहे. आणि सगळी चित्रं ज्यातून जातात ते भरणीचं कपाट. एक जाड तार आत जाते, एक बाहेर निघते. दोन्ही उपटल्या आणि एकमेकींना थेट जोडल्या. जन्मभर हेच करत आलो. आता जे येईल तेच दिसेल. इथल्या पडद्यांवरही, घरोघरीही.

दिसलं.

एक आजी पाय चोळतेय, कुणाला तरी शिव्या देतेय. जिवंत. एक जण खिडकीशी रडतोय. जिवंत. एक खुर्ची रिकामी. अजून एक.

मास्तर. न्हाणीच्या दारात आडवे. बोटं हलतायत — हलतायत! दाराच्या काचेतून ओरडलो, चष्मिश, पडद्यावर बघ, शेजाऱ्यांना फोन लाव! तिने पाहिलं. फोन कानाला लावून जिन्यावरून धावत गेली. तिचा चष्मा दाराबाहेर पडलाय.

साहेब दार ठोकतायत. चालू करा काका, लोकांना हे बघवणार नाही. नकोच बघवू दे.

तक्रारीचा फोन वाजला, नंबर एका पडद्याखालच्या नंबराशी जुळला. एक माणूस गुरगुरला, आमची आई गायब झाली, काय कंपनी आहे की तमाशा. म्हटलं, आहे, गायब नाही, पलंगाच्या मागे बघा. मग फोन पडल्याचा आवाज.

सगळे पडदे खरे झाले. एक सोडून. त्याला कुठली पेटी नाही, कुठली तार नाही. त्यावरची अक्का खुर्चीत नाही आता. उभी आहे. रागावू नकोस म्हणतेय. प्रत्येक वेळी जरा जवळून.

रागावलोय. देवा, या सगळ्यांची मुलं घरी पोचेपर्यंत मला असाच रागावलेला ठेव.

दाराची कडी वाकली. तो पडदा पाठीमागे आहे, मागे बघत नाही. पुढची रिकामी खुर्ची — खाली नंबर आहे — मुलाचा असावा — लावतोय. वाजतोय. मानेवर काहीतरी — वाजतोय — उचल रे बाबा — उचल — तुझी आई