मामाजींचं पागोटं

आत्याबाई,

मी प्रदर्शनासाठी मेहकरच्या मोटारीनं अकोल्याला निघाले. "रंग फुटलेल्या चिंध्या काऊन जपून राह्यली वं?" म्हणत तुम्ही माझी बाटिकची, मेण लावून रंगवलेली कापडं गोधडीच्या पोटात घातलीत. रंगाच्या त्या रेषा उमटाव्यात म्हणून मेणाला भेगा मी मुद्दाम पाडल्या होत्या. गोधडी उसवून मी चारही कापडं काढली. त्यांवर जुनं कापड ठेवून गरम इस्त्री फिरवली, की मेण जुन्यात उतरतं. जुनं म्हणून गोधडीला वरून लावलेलं मामाजींचं पागोटंच घेतलं. मामाजी गेल्यापासून ते पांघरल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही, हे मला ठाऊक होतं. आता ते पुठ्ठ्यासारखं कडक झालंय. उकळलंत तर मेण सुटेल, पण केशरी रंगही जाईल आणि त्यांचा वासही.

कुमुदिनी