आईनं तार करू दिली नाही

लॉस एंजेलिस, ६ मार्च १९८३
ति. पोलिकार्पोदादास, धाकट्या युफेमियाचा सा. न. वि. वि.
तुझ्या भाचीला शाळेत आईच्या देशाची ओळख करून द्यायची आहे. बाईंच्या जुन्या नकाशात अजून आपलं जुनं नाव, ब्रिटिश होंडुरासच. डेल्मा घरी येऊन विचारते, तुझा बेलीझ खरा आहे ना? आधी हसू आलं, मग तिला जवळ घेतलं. तूच लिही काहीतरी, पण मास्तरकी नको.
माझे इथं राहण्याचे कागद अजून झाले नाहीत. एकदा अमेरिकेबाहेर पडले की परत आत घेणार नाहीत. आईला सांभाळ.
तुझीच, युफेमिया

घरून, २ एप्रिल
चि. युफेमियास अ. आ.
डेल्माला सांग, देश एवढासा, की चोर पकडला तर त्याची आत्या ओळखीची निघते. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधल्या पट्टीत आपण. शाळेत इंग्रजी, बाजारात क्रिओल, आणि आजी भांडते ती आपल्या गारिफुना भाषेत. नारळाच्या रश्शातला मासा आणि कुटलेली केळी मिळाली की सगळे गप्प.
आता शाळेत न सांगण्याजोगं. समुद्र दफनभूमीत शिरलाय. बाबांच्या शेजारची थडगी वाहून गेली. बाबांना रस्त्याकडच्या उंचवट्यावर हलवू म्हटलं, तर आई म्हणते, कोळ्याला चिखलात पुरतोस होय रे? जेवण टाकून बसलीय. तुझं ऐकते ती. दोन ओळी लिही.
तुझा दादा

लॉस एंजेलिस, २० एप्रिल
ति. आईस सा. न. वि. वि.
दादाला अडवू नकोस गं. मी येईन तेव्हा बाबांपाशी बसायला जागा तरी असू दे. आणि जेव.
तुझी युफे

घरून, ११ जून
चि. युफेमियास अ. आ.
बसून वाच. आई गेली.
तुझं पत्र वाचून दाखवलं, तशी उठून जेवली. बाबांना काढलं त्या दिवशी कमरभर पाण्यात उभी राहून आम्हाला शिव्या देत होती, की हळू, मेल्यांनो, झोपलाय तो. हाडं तिनंच कापडात बांधली. त्या भिजण्यानं ताप आला आणि छातीत उतरला. मी तार करायला निघालो, तर हात धरून म्हणाली, मला पुरल्याशिवाय युफेला कळवायचं नाही. ती धावत येईल आणि तिकडं पोर एकटी पडेल. मी ऐकलं. बाबांशेजारीच ठेवलीय. हवं ते बोल मला.
तुझा दादा

लॉस एंजेलिस, ३ जुलै
ति. दादास सा. न. वि. वि.
पत्र फाडायला घेतलं होतं. तुझं तोंड बघणार नाही, असं डेल्मासमोर ओरडले. ती घाबरून मला बिलगली आणि सोडेचना. तेव्हा कळलं. तार आली असती तर तिला शेजारणीकडं टाकून मी निघालेच असते, आणि तिकडंच अडकले असते. आईनं मला बरोबर ओळखलं होतं.
आता येत का नाहीस म्हणून मला रागावणारं तिथं कुणी उरलं नाही. अधूनमधून तू रागावत जा.
तुझी युफे